यंत्राने वाचलेले पत्र

अथेन्समध्ये मी पहिले तीन दिवस थंड पाण्याने अंघोळ केली. आणि तीसुद्धा घरात गरम पाणी असताना!

त्याचे असे झाले. सन २००० चा नोव्हेंबर महिना. अथेन्सच्या कालिथेआ या भागात एका आजीबाईंच्या घरी मी खोली घेतली होती. पहिल्या सकाळी प्रवाशांच्या पुस्तकातून घोकून ठेवलेले वाक्य मी त्यांना ऐकवले, “गरम पाणी आहे?” आजीबाई गोड हसून म्हणाल्या, “ने.” झाले! मी त्यातून ‘नाही’ एवढेच ऐकले आणि कुडकुडत अंघोळ उरकली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांजवळ गाऱ्हाणे केले, तेव्हा सगळे पोट धरून हसले. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘होय’! ‘नाही’ म्हणायचे तर ‘ओखी’ म्हणतात.

आणि जिला होय-नाहीतला फरक कळत नव्हता, ती बाई अथेन्सला कशाला आली होती म्हणता? एका यंत्राला ग्रीक बोलायला शिकवायला!

परक्याचा कान

यंत्राला बोलते करण्याची हौस माणसाला फार जुनी. व्हिएन्नाच्या फॉन केम्पेलेनने भाता, नळ्या आणि कातडे यांचे बोलके यंत्र बनवले व १७९१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘व्होडर’ नावाचे विजेचे यंत्र एखाद्या बाजाच्या पेटीसारखे वाजवून बोलवले जाई. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून चक्क एक गाणे म्हणवून घेतले गेले. पण आमचे काम निराळे होते. कोणताही छापील मजकूर पुढे टाकावा आणि तो संगणकाने मोठ्याने वाचावा, तोही ग्रीकमध्ये. त्या काळात बऱ्याच जणांनी हा नाद घेतला होता. अथेन्स विद्यापीठाने २००१ साली आपल्या अशा प्रणालीला ‘डेमोस्थेनीस’ हे नाव दिले. तोंडात गारगोट्या धरून वाणी सुधारणारा जो प्राचीन वक्ता, त्याचे नाव! आमची प्रयोगशाळा लहान होती. आम्ही पाचजण होतो. माझ्याकडे काम होते अक्षरांवरून उच्चार ठरवण्याच्या नियमांचे.

“तिथले ग्रीक लोक काय झोपले होते, म्हणून पुण्याची मुलगी बोलावली?” असे माझ्या मामांनी विचारले होते. प्रश्न बरोबर होता. पण ज्याला भाषा आईच्या मांडीवर येते, त्याला तिचे नियम दिसत नाहीत. आपण मराठी माणसे ‘करतो’ हा शब्द ‘कर्तो’ असा म्हणतो, पण कुणी विचारीपर्यंत ते आपल्या गावीही नसते. परका माणूस पदोपदी ठेचकाळतो आणि प्रत्येक ठेचेला एक नियम सापडतो. यंत्र तर परक्याहून परके! त्याला प्रत्येक पायरी दाखवावी लागते.

सुरुवातीला ग्रीक भाषा मला फार सोपी वाटली. स्वर अवघे पाच. आपल्यासारखे ऱ्हस्व-दीर्घाचे भांडण नाही. लिहिणाऱ्याचे मात्र हाल आहेत, कारण एकच ‘इ’ तेथे सहा तऱ्हांनी लिहितात. ईता, योता आणि इप्सिलोन ही तीन एकेरी अक्षरे आणि वर तीन जोडअक्षरे! तेथली शाळकरी मुले शुद्धलेखनात आपल्या मुलांइतकीच रडत असतील. पण आम्हांला लिहायचे नव्हते, वाचायचे होते. साहीचा उच्चार ‘इ’, की काम झाले. काही जोड्या शेजार पाहून रंग बदलतात. अल्फा आणि इप्सिलोन ही जोडी ‘आव्रियो’ म्हणजे ‘उद्या’ या शब्दात ‘अव’ होते, तर ‘आफ्तोस’ म्हणजे ‘हा’ या शब्दात ‘अफ’ होते. पुढचे व्यंजन घोष की अघोष, एवढे पाहिले की झाले. दोन महिन्यांत माझी नियमांची वही भरत आली आणि मी मनात म्हटले, “एवढेच ना?”

पण खरे दुखणे शब्दावरच्या एका बारीकशा तिरक्या रेघेत होते.

एका रेघेचा प्रताप

ग्रीक शब्दात एका अवयवावर जोर असतो, आणि तो कोठे हे त्या स्वरावर रेघ देऊन दाखवतात. रेघ हलली की अर्थ हलला. पुढे मी जेथे ऽ हे चिन्ह देते, तेथे वाचकांनी जोर देऊन पाहावा. ‘नोऽमोस’ म्हणजे कायदा, ‘नोमोऽस’ म्हणजे जिल्हा. ‘ओऽमोस’ म्हणजे खांदा, ‘ओमोऽस’ म्हणजे कच्चा. ‘येऽरोस’ म्हणजे म्हातारा आणि ‘येरोऽस’ म्हणजे चांगला धडधाकट! आणि साऱ्यांत वाईट जोडी ही : ‘पोऽते’ म्हणजे ‘कधी?’ आणि ‘पोतेऽ’ म्हणजे ‘कधीच नाही’. मराठी कानाला दोन्हीही धान्याची पोतीच. पण ग्रीक माणसाच्या लेखी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर.

ही रेघ मोठी कुळवंत आहे. अलेक्झांड्रियाच्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा अधिकारी, बायझँटियमचा अॅरिस्टोफानीस, याने इ.स.पूर्व २०० च्या सुमारास स्वरचिन्हे प्रचारात आणली असे मानतात. तेव्हा ती जोराची नव्हे, तर सुराची चिन्हे होती. आवाज कोठे चढतो, कोठे उतरतो हे सांगणारी. आपल्या वेदपाठातले उदात्त, अनुदात्त आणि स्वरित आठवा! हे साम्य वरवरचे नाही. वेदातला ‘पिता’ आणि प्राचीन ग्रीकमधला ‘पातेर’ हे सख्खे भाऊ. दोघांचाही उदात्त दुसऱ्या अवयवावर. पुढे ग्रीकमधला सूर गेला, नुसता जोर उरला. पण तीन तऱ्हांचे स्वर आणि शब्दारंभीची दोन श्वासचिन्हे लोक निष्ठेने लिहीत राहिले. अखेर १९८२ साली सरकारने ती सारी काढून एकच रेघ ठेवली.

तुम्ही म्हणाल, रेघ छापलेलीच असते, तर अडचण कसली? अडचण अशी, की मोठ्या अक्षरांत लिहिताना ग्रीक लोक ही रेघ देत नाहीत. दुकानांच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे, सरकारी नोटिसा यांत रेघेचा पत्ता नसतो. ग्रीक माणूस संदर्भाने वाचतो; यंत्राला संदर्भ कोठला? आम्ही त्याला मोठा शब्दकोश दिला आणि सांगितले, “जेथे दोन शब्द संभवतील, तेथे आपल्या साठ्यात जो अधिक वेळा आला असेल तो घे.” आमचा साठा होता वर्तमानपत्रांचा. त्यात ‘कधी?’पेक्षा ‘कधीच नाही’ अधिक वेळा आले होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

तीस ध्वनी, नऊशे सांधे

आता आवाजाविषयी. आम्ही ग्रीकचे सुमारे तीस ध्वनी धरले होते. वाटेल की तीस ध्वनी बोलवून घ्यावेत आणि मण्यांसारखे ओवावेत. तसे केले तर माळ होत नाही, नुसते मणी खडखडतात. ‘का’ आणि ‘की’ म्हणून पाहा. ‘की’ म्हणताना क उच्चारायच्या आधीच जीभ ‘ई’च्या तयारीला लागलेली असते. बोलणे म्हणजे ध्वनी नव्हेत, एका ध्वनीतून दुसऱ्यात जाण्याची वाट. म्हणून एका ध्वनीच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचा तुकडा कापतात आणि असे तुकडे जोडतात. तीस गुणिले तीस, म्हणजे नऊशे सांधे! त्यांतले काही भाषेत येतच नाहीत. तरी उरले ते पुष्कळ.

हे तुकडे मिळवायला नभोवाणीवर काम केलेल्या एका बाईंना आम्ही बोलावले. त्यांचा आवाज मधासारखा. पण आम्ही त्यांच्याकडून वाचून काय घेतले? ‘ताकाता, ताकीता, ताकूता’! तेही एका सुरात, एका लयीत, कसलाही भाव न आणता. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “आयुष्यभर मी शब्दांत जीव ओतायला शिकले, आणि तुम्ही मला तो काढून घ्यायला सांगता!” पाचव्या दिवशी त्यांना पडसे झाले. त्या दिवशीचे तुकडे आधीच्या तुकड्यांना जोडले, तेव्हा प्रत्येक वाक्याच्या मध्येच यंत्राचे नाक चोंदू लागले. आठवड्याचे ध्वनिमुद्रण आम्ही टाकून दिले.

मग सुरांचा प्रश्न. मराठीत आपण वाक्याला ‘का’ लावतो की प्रश्न झाला. ग्रीकमध्ये “तू येतोस” आणि “तू येतोस का?” यांचे शब्द अगदी तेच. फरक फक्त सुराचा; प्रश्नात आवाज आधी खाली जातो आणि अगदी शेवटी वर चढून पुन्हा उतरतो. हे सारे आम्ही बसवले. तरी आमचे यंत्र एकही प्रश्न विचारीना! प्रत्येक प्रश्नाशी ते किंचित थबके आणि विधान करून पुढे जाई. चार दिवस डोकेफोड केल्यावर उलगडा झाला. ग्रीकमध्ये प्रश्नचिन्ह म्हणून वापरतात ते आपला अर्धविराम! आणि मजकुराचे तुकडे पाडणारी आमची सामग्री परदेशातून आणलेली. तिने बिचारीने अर्धविरामाला अर्धविरामच मानले होते.

पैशानेही आमची फजिती केली. आपल्याकडे तिघे, तिघी आणि तीन असे लिंगाप्रमाणे बदलते, तसे ग्रीकमध्ये अनेक आकड्यांचे होते. तीनचे, चारचे, दोनशेचे, हजाराचेही. जुने चलन ‘द्राख्मी’ हे स्त्रीलिंगी. म्हणून आम्ही यंत्राला ठोकून सांगितले होते, रक्कम दिसली की स्त्रीलिंगी वाच. १ जानेवारी २००२ रोजी नव्या नोटा आल्या. ३४०.७५ द्राख्मींचा एक युरो झाला, आणि युरो पडला नपुंसकलिंगी! ‘खिलिएस द्राख्मेस’ म्हणणाऱ्या लोकांना आता ‘खिलिआ एव्रो’ म्हणावे लागले. लोक एका रात्रीत शिकले. आमचे यंत्र मात्र आठवडाभर नव्या पैशाला जुनी साडी नेसवत होते.

याया

आता माझ्या घरमालकीण आजीबाईंकडे वळते. ग्रीकमध्ये आजीला ‘याया’ म्हणतात. मीही त्यांना तेच म्हणू लागले. वय ऐंशीच्या घरात. सत्तरीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. तरी स्वयंपाकघरात वावर असा, की पाहणाऱ्याला संशय येऊ नये. लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात कॉफी करीत, आणि ती उतू जायच्या क्षणी नुसत्या आवाजावरून उतरवीत. मला म्हणत ‘कोरी मू’, म्हणजे ‘माझ्या मुली’. ‘कोरी’ म्हणजे मुलगी आणि डोळ्याची बाहुलीसुद्धा! आपल्याकडेही बाहुली दोन्हीकडे आहे, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांना फार मौज वाटली.

कालिथेआतच अंधांच्या संस्थेचे एक स्पर्शसंग्रहालय आहे, १९८४ पासूनचे. प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती तेथे हात लावून पाहू देतात. मी त्यांना एकदा तेथे घेऊन गेले. घरी परतताना त्या म्हणाल्या, “मूर्ती हाताने वाचता आली. पत्र नाही ना येत.” उतारवयात बोटांना ब्रेल लिपी साधली नव्हती.

पत्र म्हणजे मुलाचे. तो तरुणपणी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत हजारो ग्रीक तिकडे गेले, त्यांतलाच एक. शेजारची एक शाळकरी मुलगी त्याची पत्रे वाचून दाखवी. चांगली पोर, पण एके दिवशी याया मला म्हणाल्या, “ती गाळते. कोठे गाळते तेही मला कळते. श्वास बदलतो तिचा. वाईट असेल ते मला सांगायचे नाही असे साऱ्यांनी ठरवले आहे. माझे डोळे गेले, तर माझे दुःखही माझे राहिले नाही.”

मी चपापले. लहानपणी पुण्याला माझ्या आजीची दृष्टी गेल्यावर मी तिला रोज पोथी वाचून दाखवत असे. खेळायला जायची घाई असली की पाने उलटून पुढे जाई. आजी काही बोलत नसे. मात्र “आज अध्याय लवकर संपला गं,” म्हणे. इतक्या वर्षांनी ते वाक्य मला कालिथेआत ऐकू आले.

“तुझे यंत्र गाळते का?” यायांनी विचारले.

“नाही,” मी म्हटले. “गाळणे त्याला येतच नाही.”

मग प्रयोगशाळेच्या परवानगीने एक जुना संगणक मी त्यांच्या खोलीत आणला. मुलगा आता संगणकावरून पत्र धाडू लागला. दर शनिवारी मी ते उघडून देई, त्यांच्या कानांवर श्रवणयंत्र चढवी आणि स्वतः गच्चीवर जाऊन बसे. पत्र त्यांचे आणि त्यांचे एकट्यांचे, असा आमचा करारच होता. पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने बाहेर आल्या, तेव्हा डोळे ओले होते. “त्याचे दुकान गेल्या वर्षीच बंद पडले म्हणे,” त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, “बरे झाले कळले. आता मी त्याला धीर देऊ शकेन.”

आमच्या यंत्राला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळायचे नव्हते. आवाज अजून थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येई, पण याया म्हणत, “सुंदर आवाजाची माणसे खूप भेटली. हे खरे बोलते.”

पोते

२००२ चा फेब्रुवारी. एका शनिवारी पत्र ऐकून याया बाहेर आल्याच नाहीत. मी डोकावले तर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेल्या. “थंडी वाजते,” एवढेच म्हणाल्या. पुढच्या शनिवारी “आज राहू दे,” म्हणाल्या. ईस्टर जवळ येत होता. या सणाची ग्रीकांना आपल्या दिवाळीसारखी ओढ. याया गेले दोन महिने पलंगावरच्या नव्या चादरीच्या गोष्टी करीत होत्या. त्या गोष्टी बंद झाल्या. शेजारची मुलगी म्हणाली, “याया जेवत नाहीत.”

शेवटी मीच जवळ बसले. खूप वेळाने त्या म्हणाल्या, “त्याने लिहिले आहे, तो येणार नाही. कधीच नाही. सरळ तसेच लिहिले आहे. शेजारच्या पोरीने हे गाळले असते.”

मी म्हटले, “याया, मी पत्र पाहू का?” त्यांनी मान हलवली.

पत्र उघडले. सारा मजकूर मोठ्या अक्षरांत! मुलाने नवा संगणक घेतला होता, त्यावर रेघेची कळ सापडेना, म्हणून अशुद्ध लिहिण्यापेक्षा त्याने सरळ मोठी अक्षरे धरली होती. मी बोट ठेवून वाचत गेले आणि त्या ओळीशी थांबले : ‘था सू ग्राप्सो पोते था एर्थो.’ तुला लिहीन, कधी येईन ते!

“पोऽते, याया! पोऽते! पोतेऽ नव्हे!” मी जवळजवळ ओरडले.

त्या थिजल्यासारख्या बसल्या. मग ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिले. आणि एकदम कपाळावर हात मारला. “‘देन’ नव्हतेच की गं! ‘कधीच येणार नाही’ म्हणायचे तर आमच्या भाषेत ‘देन’ लागते. ‘पोतेऽ देन था एर्थो.’ ‘देन’ मी ऐकलेच नव्हते. पण यंत्र खोटे बोलत नाही असे मी धरून बसले होते ना!” त्या हसल्या, मग रडल्या, मग कॉफी ठेवायला उठल्या.

मला मात्र रात्रभर झोप आली नाही. शेजारची मुलगी चुकली असती, तर यायांनी तिचा श्वास ओळखला असता. यंत्राला श्वास नव्हता. ते बरोबर वाचताना ज्या आवाजात बोले, त्याच आवाजात चुकलेही. आणि दुसरे कुणी ऐकणारे नव्हते. तो एकांतही मीच मोठ्या तोऱ्याने मिळवून दिला होता. पंधरा दिवस एका आईने मुलाला मनातून निरोप दिला, तो आमच्या एका वहीतल्या एका नियमामुळे. ‘जो अधिक वेळा आला असेल तो घे!’ हा नियम माझ्याच हातचा होता.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत यायांचा नियम मांडला. मोठ्या अक्षरांतला ‘पोते’ आला, तर वाक्यात ‘देन’ किंवा ‘मीन’ हा नकार शोधावा. नसला तर ‘कधी?’ असे वाचावे. भाषाशास्त्राची पदवी घेतलेले आमचे सहकारी एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येक ग्रीक माणसाला हा नियम ठाऊक होता. आणि तो यंत्राला सांगायला हवा हे एकालाही सुचले नव्हते. अर्थात तोही पुरता नव्हे. ‘तू तिकडे कधी गेला आहेस का?’ अशा प्रश्नातही नकारावाचून ‘पोतेऽ’ येतो. आणि ‘आदिआ’ म्हणजे रजा, ‘आद्या’ म्हणजे रिकामी, हे दोन शब्द तर रेघेसकट अगदी सारखेच लिहितात. तेथे काय करावे?

तोही उपाय यायांनीच सुचवला. “माहीत नसेल तर तसे सांगावे. माणूस सांगत नाही, त्याला लाज वाटते. यंत्राला कसली लाज?” मग आम्ही संशयाच्या शब्दापूर्वी एक बारीकशी घंटी वाजवायची ठरवले. घंटी ऐकली की कळ दाबावी. यंत्र दोन्ही उच्चार म्हणून दाखवी. पहिल्या दिवशी देवळातल्या आरतीसारखा घणघणाट झाला! मग ज्या जोड्यांनी अर्थ उलटतो, तेवढ्याच ठेवल्या. आमच्या पुढाऱ्यांना हे फारसे रुचले नाही; घंटी म्हणजे आपल्या उणिवेची जाहिरात असे त्यांना वाटे. पण यायांच्या संगणकावर ती राहिली.

५ मे २००२ रोजी ग्रीकांचा ईस्टर होता. त्याच्या आधल्या आठवड्यात मुलगा आला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, आईला लहान मुलासारखा बिलगणारा. लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडण्याचा खेळ झाला. यायांचे अंडे शेवटपर्यंत फुटले नाही. नंतर त्या मुलाला संगणकापाशी घेऊन गेल्या आणि बजावले, “आधी ती रेघेची कळ शोध.”

जरा थांबून

त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. याया नाहीत. आमचे ते नऊशे सांध्यांचे यंत्रही जुन्या बाजारात जमा झाले. २०१६ नंतर नवी तऱ्हा आली. माणसाच्या बोलण्याचे तासन् तास ऐकून संगणक स्वतःच आवाज घडवायला शिकतो. तो आवाज आता डब्यातून येत नाही. माणसाचा म्हणून खपतो. खिशातला टेलिफोन ग्रीक वाचतो, तसे मराठीही वाचतो.

परवा मी आपल्या टेलिफोनला गंमत म्हणून एक वाक्य दिले. मराठीत ‘जरा’ हा शब्द दोन तऱ्हांनी म्हणतात. दातांजवळच्या ज ने म्हटला तर ‘थोडे’, आणि टाळूवरच्या ज ने म्हटला तर ‘म्हातारपण’. लिहायला दोन्ही सारखेच, रेघसुद्धा नाही! ‘जग’ हा शब्दही तसाच. एक आपण राहतो ते, दुसरे पाण्याचे भांडे. टेलिफोनने गोड आवाजात, एक क्षणही न अडखळता माझे वाक्य वाचले, आणि म्हातारपणाचे थोडेसे करून टाकले. मी हसले. पण लगेच वाटले, डोळ्यांनी न दिसणारी एखादी आजी आज याच आवाजावर विसंबून मुलाचे पत्र ऐकत असेल. औषधाच्या बाटलीवरचा कागद ऐकत असेल, बँकेची चिठ्ठी ऐकत असेल. आवाज जितका गोड, तितका विश्वास अधिक. आणि घंटी तर कुठेच वाजत नाही.

म्हणून या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आवाजाच्या गोडव्याआधी दोन गोष्टी सांगते. वाचताना गाळू नये, आणि ठाऊक नसेल ते ठाऊक असल्यासारखे वाचू नये. पहिली गोष्ट मला माझ्या आजीने शिकवली, दुसरी यायांनी. दोघींनाही डोळ्यांनी दिसत नव्हते.